यूएसबी मापन-उपकरण : संगणकाकडून ओळख न पटणे

यूएसबी जोडणीवर चालणारा ऑसिलोस्कोप, लॉजिक ॲनालायझर, संकेतजनित्र किंवा तत्सम चाचणी-उपकरण संगणकाला जोडूनही वापरता न येण्याची स्थिती. तक्रार एकच ऐकू येत असली, तरी दोष चार थरांपैकी कोठेही असू शकतो : विद्युत् जोडणी, नोंदणी, ड्रायव्हर आणि वापराची परवानगी. प्रत्येक थर त्याखालच्या थरावर अवलंबून असतो, म्हणून शोध खालून वर घेतात. केबल न तपासता ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसवण्यात वेळ वाया जातो.

नोंदणीची प्रक्रिया : यूएसबी २.० हे मानक २००० साली आले. त्यानुसार उपकरण जोडताच त्यातील १.५ किलोओहमचा रोध डी-प्लस ही संकेततार सुमारे ३.३ व्होल्टपर्यंत ओढतो आणि पोर्टला जोडणी कळते. कमी वेगाच्या उपकरणांत हा रोध डी-मायनस तारेवर असतो. मग संगणक उपकरण रीसेट करतो, १ ते १२७ पैकी एक पत्ता देतो आणि त्याचे १८ बाइटांचे वर्णनपत्र, म्हणजे डिस्क्रिप्टर, वाचतो. त्यात १६ बिटांचे दोन क्रमांक असतात : उत्पादकाचा व्हीआयडी आणि उत्पादनाचा पीआयडी. बहुतेक वेळा ड्रायव्हरची निवड याच जोडीवरून होते.

विद्युत् जोडणी : उपकरण जोडल्यावर संगणकात काहीच हालचाल दिसत नसेल, तर प्रथम केबल बदलतात. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. अशा केबलवरही उपकरणाचा दिवा लागतो, कारण त्याला ५ व्होल्टचा पुरवठा पुरतो. दिवा लागला म्हणजे जोडणी ठीक आहे, असे नव्हे. नोंदणी पूर्ण होईपर्यंत उपकरणाने १०० मिलिॲम्पिअरपेक्षा अधिक प्रवाह घ्यायचा नसतो. त्यानंतर यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत देतो. स्वतःचा वीजपुरवठा नसलेल्या हबच्या पोर्टवर मात्र ही मर्यादा १०० मिलिॲम्पिअरच राहते. म्हणून चाचणी करताना उपकरण हबऐवजी थेट संगणकाच्या पोर्टला जोडतात. टेबलावरच्या ऑसिलोस्कोपचा पुढचा पोर्ट सहसा पेनड्राइव्हसाठी असतो. संगणकाची केबल मागच्या चौकोनी पोर्टला लावायची असते. काही नमुन्यांत तो पोर्ट संगणकासाठी की प्रिंटरसाठी, हेही मेनूतून ठरवावे लागते.

नोंदणीतील दोष : विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अज्ञात यूएसबी उपकरण’ अशी नोंद व कोड ४३ दिसला, तर जोडणी जाणवलेली असते, पण बहुधा वर्णनपत्र वाचता आलेले नसते. लिनक्सच्या डीमेसेज नोंदीत अशा वेळी उणे ७१ किंवा उणे ११० हे त्रुटिक्रमांक येतात. पहिला संदेशवहनातील बिघाड, तर दुसरा वेळेत उत्तर न आल्याचे दाखवतो. सैल सॉकेट, लांब केबल, अपुरा पुरवठा किंवा बिघडलेले फर्मवेअर ही नेहमीची कारणे होत. या टप्प्यावर संगणकाला व्हीआयडी-पीआयडी मिळालेलेच नसतात, त्यामुळे ड्रायव्हर बदलून उपयोग होत नाही.

ड्रायव्हर : क्रमांक वाचता आले आणि कोड २८ दिसला, तर ड्रायव्हर बसवलेला नसतो, कोड ५२ ड्रायव्हरच्या डिजिटल स्वाक्षरीची अडचण दाखवतो. सायप्रेसच्या एफएक्स२ चिपवरील उपकरणांत आणखी एक गुंता असतो. फर्मवेअर चिपच्या रॅममध्ये राहते, म्हणून वीज गेली की पुसले जाते. दर वेळी संगणक ते नव्याने भरतो आणि उपकरण स्वतःच जोडणी तोडून नव्या ओळखीने परत येते. हानटेक ६०२२बीई ऑसिलोस्कोपचा व्हीआयडी यात ०४बी४ वरून ०४बी५ होतो. दोन्ही ओळखींना ड्रायव्हर न मिळाल्यास काम अर्ध्यावर थांबते. सिगरॉकसारख्या मुक्त प्रणालीसाठी विंडोजवर झॅडिग वापरून विनयूएसबी ड्रायव्हर लावतात. त्यानंतर उत्पादकाच्या मूळ प्रोग्रॅमला तेच उपकरण सापडेनासे होऊ शकते. मापन-उपकरणांसाठी २००३ मध्ये ठरलेला यूएसबीटीएमसी हा वर्ग पाळणाऱ्या उपकरणांना विंडोजवर सहसा व्हिसा प्रणाली लागते. बनावट चिपही अडचणीचे कारण ठरते : २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीच्या एका ड्रायव्हरने एफटी२३२ च्या नकली चिपांचा पीआयडी शून्य केला आणि त्या लावलेली उपकरणे ओळखली जाईनाशी झाली.

परवानगी : लिनक्सवर एलएसयूएसबी आज्ञेच्या यादीत उपकरण दिसते, तरीही प्रोग्रॅमला उघडता येत नाही, तेव्हा यूडेव्हचा नियम जोडतात किंवा वापरकर्त्याला डायलआउट गटात घेतात. नवी दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने भौतिकीच्या प्रयोगांसाठी विकसित केलेल्या एक्सपाइज संचासारखी उपकरणे संगणकाला सीरियल पोर्ट म्हणून दिसतात, त्यामुळे त्यांनाही अशी परवानगी लागते. दुसऱ्या प्रोग्रॅमने पोर्ट आधीच उघडलेला असला, तरी लक्षण तेच दिसते.

सुरक्षितता : अनेक स्वस्त यूएसबी ऑसिलोस्कोपांत प्रोबची भूमी थेट संगणकाच्या भूमीला जोडलेली असते. ती क्लिप घरगुती विजेच्या जिवंत तारेला लागल्यास उपकरण आणि पोर्ट दोन्ही जळू शकतात, शिवाय जिवालाही धोका असतो. अशा मापनानंतर उपकरण अचानक दिसेनासे झाले, तर दोष पहिल्याच थरात शोधावा आणि उपकरण लगेच दुसऱ्या संगणकाला जोडू नये. वीजजोडणीशी थेट संबंध असलेल्या मंडलांसाठी योग्य क्षमतेचा विभेदी प्रोब वापरतात.