लोखंडाने धुतलेले पाणी

लोखंड गंजले की आपण हळहळतो. परंतु त्याच गंजाने बेल्जममधील एका शहराला पाणी पाजले, ती हकीकत आज आम्ही आपल्यापुढे मांडीत आहोत.

अँटवर्पला पाणी नेथ नदीचे. गढूळ आणि सेंद्रिय घाणीने भरलेले. 1881 साली तेथे गुस्ताव बिशॉफ यांच्या पद्धतीने सच्छिद्र लोखंड व खडी यांचे थर घातले. पाणी उत्तम निघाले. पण हळूहळू थर गंजून त्याची ढेप झाली आणि पाणी झिरपेना. औषधानेच रोग्याचा गळा धरावा, तसे झाले!

तेव्हा विल्यम अँडरसन या इंजिनियराने विचार उलटा केला. पाणी लोखंडातून न्यायचे, त्याऐवजी लोखंडच पाण्यातून पाडावे. 1885 च्या सुमारास आडवी फिरती पिंपे बसली. आतल्या फळ्या लोखंडाचे तुकडे वर उचलून पाण्यात सोडीत; एकमेकांवर घासून तुकडे स्वच्छ राहत. थोडे लोखंड विरघळे, हवा लागताच त्याचा तांबूस साका होई, आणि घाण पोटात घेऊन तो वाळूच्या गाळणीवर अडके.

पुढे तुरटी व क्लोरीन आले आणि पिंपे विस्मरणात गेली. शंभर वर्षांनी बांगलादेशात आर्सेनिकसाठी तीन कळशांची गाळणी निघाली (कळशी हा शब्द तिकडेही आहे). तिच्यातला लोखंडाचा कीसही गंजून ढेप होई. अबुल हुसाम यांनी सच्छिद्र लोखंडी मिश्रण करून ती अडचण काढली. 2007 साली त्यांच्या गाळणीला अमेरिकेत पारितोषिक मिळाले.