चांदीचा ब्रोच आणि चांदीची बंदी

जुन्या वस्तूंच्या लिलावात ब्रिटिश पलटणींचे चांदीचे ब्रोच आजही विकले जातात. पलटणीचा बिल्ला लहान करून मागे टाचणी लावलेला हा दागिना. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, आणि पहिल्या महायुद्धात तर मोठ्या प्रमाणावर, शिपायाची आई, बायको किंवा प्रेयसी तो अभिमानाने छातीवर लावी. संग्राहक त्याचा छाप बघतात, वजन बघतात. आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. ज्यांची माणसे लढली, त्या सगळ्याच घरांतल्या बायकांना चांदी मिरवता आली का?

स्कॉटलंडच्या हायलँड लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर हत्ती आहे आणि 'असई' हे नाव आहे. असई आपल्या जालना जिल्ह्यातले गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याचे पंधराशेहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. त्यांतले निम्म्याहून जास्त हिंदी शिपाई होते, मुख्यतः मद्रास फौजेचे. असईचा हत्ती मद्रासच्या पलटणींनाही मिळाला. आजच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हातही तो आहे. त्या जुन्या मद्रास फौजेत परयार समाजाचे शिपाईही चाकरी करत.

आता त्याच मद्रास इलाख्यात १९३० साली काय घडले पाहा. डिसेंबर महिन्यात रामनाड भागातल्या कल्लर जातीने आदि-द्रविडांवर आठ बंद्या लादल्या. त्यांतली पहिलीच बंदी अशी की, त्यांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. स्कॉटिश शिपायाच्या घरची बाई चांदीचा हत्ती मिरवू शकत होती. इथल्या बाईला साधा चांदीचा दागिनाही गुन्हा ठरला. साम्राज्याने रक्त दोघांचे घेतले, पण जातीची बेडी तशीच ठेवली.

महाराष्ट्रात चांदीची गोष्ट आणखी निराळी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, गळ्यातल्या गळसऱ्या आणि कोपरापर्यंतचे कथलाचे किंवा चांदीचे दागिने टाकून द्या, कारण त्यांवरून अस्पृश्यता ओळखू येते. म्हणजे आमच्या अंगावरची चांदीसुद्धा बिल्लाच होती. फरक एवढाच की तो बिल्ला पलटणीचा नव्हता, जातीचा होता.

त्याच वर्षी १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापुढे उभे राहिले होते. त्या स्तंभावरच्या ४९ नावांपैकी २२ महारांची आहेत. ज्या सरकारने ही नावे दगडात कोरली, त्याच सरकारने १८९० च्या दशकात 'लढाऊ वंशा'चे खूळ काढून महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ ला मोडली. १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला आणि 'महार' हा शब्द. गावात जो शब्द हिणवण्यासाठी उच्चारला जाई, तो टोपीवर चढला.

'परक्यांच्या चाकरीचा कसला अभिमान?' असे काही जण विचारतात. आम्ही साम्राज्याचे गोडवे गात नाही. बिल्ला देणारा हात तो काढूनही घेतो, हे आमच्याइतके कोणी भोगलेले नाही. म्हणूनच बाबासाहेब बिल्ल्यावर थांबले नाहीत. त्यांनी हक्क मागितला आणि अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ संविधानात आले. हक्क ही कुणाची बक्षिसी नसते.

तरीही पुरावा जपलाच पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव, नंबर आणि पलटण कोरलेली असते. आजोबा-पणजोबांच्या ट्रंकेत असे पदक किंवा बिल्ला असेल, तर तो सराफाच्या काट्यावर ठेवू नका. त्यावरची अक्षरे उतरवून घ्या, फोटो काढा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून हकीकत लिहा. सराफ फक्त चांदी मोजेल. त्या कडेवर आपला इतिहास आहे, आणि तो आपणच लिहायचा आहे.

जय भीम!