सुरतेच्या जुन्या समाध्या आणि भूकंपाचे भय

तापीच्या तीरावरील सुरत हे मोगल अमदानीत पश्चिम किनाऱ्यावरील एक अत्यंत गजबजलेले बंदर होते. 1664 व 1670 साली शिवाजी महाराजांनी ते लुटले, हे मराठी वाचकास बालपणापासून ठाऊक असते. 1664 साली ज्या इंग्रज वखारीने आपला बचाव केला तिचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झेंडन हा 1669 साली सुरतेतच निवर्तला. त्याचा बंधू ख्रिस्तोफर 1659 सालीच तेथे मृत्यू पावला होता. कतारगाम दरवाजाच्या बाजूस असलेल्या इंग्रजी दफनभूमीत उभय बंधूंवर उभारलेली, जाड खांबांची व घुमटांची सुमारे 40 फूट उंच वास्तू अद्याप उभी आहे. परमुलखात मेलेल्या युरोपियनांनी तेथे मुसलमानी धाटणीचे घुमट उभारले, हीही एक नवलाची गोष्ट होय.

जवळच्या डच दफनभूमीत जी भव्य समाधी आहे, तिचा संबंध मात्र कोकणी समाजाच्या इतिहासाशी थेट पोहोचतो. ती हेंड्रिक व्हान रेडे याची. मलबारातील डच अंमलाचा प्रमुख असताना त्याने तेथील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. अॅमस्टरडॅम येथे 1678 पासून छापल्या गेलेल्या या ग्रंथात रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांची 1675 सालची साक्ष त्यांच्याच भाषेत व नागरी लिपीत मुद्रित झाली आहे. गोव्यातून परागंदा होऊन कोचीनला स्थिरावलेल्या समाजाची विद्या त्या ग्रंथाद्वारे युरोपात पोहोचली. 1691 च्या डिसेंबरात व्हान रेडे जहाजावर मरण पावला व त्याचा देह सुरतेस आणून पुरण्यात आला. त्याच्या समाधीवरील दुहेरी घुमट, वरखाली फिरणारी खांबांची गॅलरी आणि एकेकाळची भित्तिचित्रे यांची कीर्ती जुन्या प्रवाशांनी गायिली आहे. या वास्तू आज पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहेत.

परंतु कायद्याचे संरक्षण भूकंपास अडवीत नाही. 26 जानेवारी 2001 रोजी सकाळी कच्छात 7.7 परिमाणाचा भूकंप झाला. त्यात सुमारे 20,000 माणसे दगावली. भूजच्या राजघराण्याच्या छत्र्यांपैकी कित्येक कोसळल्या. अठराव्या शतकातील राव लखपतजींची सुबक छत्रीही त्यांत होती. तेथून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या सुरतेतही इमारती पडल्या व प्राणहानी झाली. 1819 च्या कच्छ भूकंपात अहमदाबादच्या जामा मशिदीचे मनोरे असेच मोडले होते. दूरचा मोठा भूकंप संथ व दीर्घ हेलकावे पाठवितो आणि उंच, सडपातळ बांधकामे त्यांस विशेष प्रतिसाद देतात. संकट जवळूनही उद्भवू शकते, हे 23 मार्च 1970 च्या भडोच भूकंपाने दाखविले. भारतीय मानक संहितेच्या 2002 च्या आवृत्तीत सुरत तिसऱ्या भूकंप विभागात घातलेली होती. त्यातच तापीने आणून टाकलेल्या गाळाच्या जमिनीत खडकावरच्यापेक्षा धक्के वाढतात.

मग अशा वास्तूचा धोका मापावा कसा? मूळ तत्त्व शाळकरी मुलासही उमगेल असे आहे. भिंतीची जाडी भागिले उंची, हे तिचे पहिले माप. एक मीटर जाड व आठ मीटर उंच अशी एकाकी भिंत घेतली, तर हे प्रमाण 0.125 येते. जमिनीचा आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या साडेबारा शतांशांपलीकडे गेला की ती भिंत पायावर डुलू लागते. उपरोक्त संहितेने तिसऱ्या विभागासाठी धरलेला कमाल धक्का 0.16, म्हणजे सोळा शतांश होता. यावरून भिंत पडलीच असे मात्र समजू नये. डुलणे व कोसळणे यांत अंतर आहे. धक्का क्षणभराचा असेल तर भिंत पुन्हा जागेवर बसते, आणि समान प्रमाणाच्या दोन भिंतींपैकी आकाराने मोठी असलेली अधिक तग धरते. म्हणून केवळ आकडेमोड पुरेशी नाही. प्रत्येक वास्तूची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते.

भग्नावशेषांचे दुर्बलत्व निराळेच असते. छप्पर अथवा माळा भिंतींना परस्परांशी बांधून ठेवतो. तो गेला की प्रत्येक भिंत एकटी पडते. घुमट आपल्या भाराने खालच्या कड्यास बाहेर लोटीत असतो; ते कडे भेगाळले तर भूकंपाचे काम निम्मे आधीच झालेले असते. चुन्याच्या सांध्यांत पावसाचे पाणी शिरते, त्यांत पिंपळ रुजतो व त्याची मुळे विटा सुट्या करतात. आतील लोखंड गंजून फुगते व चिरे फोडते. म्हणून जाणकार प्रथम वास्तूचे बारकाईने मोजमाप घेतात, भेगांवर काचपट्ट्या चिकटवून त्या वाढतात की काय हे पाहतात, चुन्याची व पायाखालच्या मातीची परीक्षा करतात, आणि संवेदनशील यंत्रांनी वास्तूची स्वाभाविक कंपने नोंदवितात. वास्तू आतून पोकळ झाली असेल तर ती कंपने मंदावतात.

उपाययोजनेतही तारतम्य हवे. जुन्या चुन्यावर कडक सिमेंटचा थर दिला की ओलावा आत कोंडतो आणि भार सिमेंटवर एकवटून शेजारची वीट फुटते. चुन्याचे सांधे चुन्यानेच भरणे, घुमटाच्या तळाशी न गंजणारा पट्टा आवळणे, झाडे समूळ काढणे व पाण्यास वाट देणे, हे साधे उपाय अधिक हितकर होत. समाध्यांवरील शिलालेखांची अक्षरेही नोंदवून ठेवली पाहिजेत, कारण वास्तू पडली तरी निदान तिचे साक्षीपत्र उरते.

हा विचार सुरतेपुरता नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींनीच हजारोंचे बळी घेतले. जुन्या गोव्यातील सांत आगुस्तीनच्या चर्चची कथा तर अधिक बोलकी आहे. 1835 साली ते ओस पडले, 1842 साली छत कोसळले आणि 1931 साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. तेथे भूकंपाची आवश्यकताच भासली नाही; अनास्थेनेच कार्यभाग साधला.

2002 च्या त्याच संहितेत गोवाही सुरतेप्रमाणे तिसऱ्या विभागात होता. मंदिरांच्या प्रांगणात उभे असलेले उंच दीपस्तंभ, चिऱ्यांच्या जुन्या भिंती व घुमट यांना हाच नियम लागू पडतो. पूर्वजांनी स्थलांतराच्या काळात मोठ्या कष्टाने उभारलेल्या या वास्तूंवर रंगाचा हात फिरविणे सोपे आहे. परंतु महाजनांनी दर पावसाळ्याअखेर भेगा, ओल व झाडांची मुळे यांची पाहणी करून तिची नोंद वहीत करण्याचा प्रघात पाडावा, त्यातच खरी वारसारक्षा आहे. भूकंपाची वेळ कोणाच्या हाती नाही. त्या वेळी भिंत कोणत्या अवस्थेत असावी, हे मात्र पुष्कळ अंशी तिच्या राखणदारांच्या हाती आहे.