सुरत : टपाल इतिहास आणि हवाई टपाल पाकिटांचा संग्रह

गुजरातमधील तापीकाठच्या सुरत शहरातून गेलेली, तेथे आलेली किंवा त्या वाटेने पुढे रवाना झालेली पत्रे, पाकिटे, कार्डे आणि टपालखात्याचे कागद शोधून त्यांचा अभ्यासपूर्वक संग्रह करण्याचा छंद. तिकीटसंग्रहाची ही प्रगत शाखा आहे. तिकीटसंग्राहकाचे लक्ष तिकिटावर असते, टपाल इतिहासाच्या अभ्यासकाचे संपूर्ण पाकिटावर. पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, किती दिवसांत पोचले, त्यासाठी किती पैसे पडले आणि वाटेत कोणी अडवले, हे पाकिटावरच्या खुणांवरून तो ठरवतो. विमानाने वाहून नेलेल्या पाकिटांचा अभ्यास ही याच शाखेची स्वतंत्र उपशाखा मानली जाते.

सुरतेचे वैशिष्ट्य तिच्या व्यापारातून आले आहे. पत्र नेहमी घेणाऱ्याकडे उरते. म्हणून सुरतेतून लिहिलेली पत्रे लंडन, रंगून, झांझिबार किंवा दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथे सापडतात, तर सुरत आणि तापीपलीकडील रांदेरच्या जुन्या घरांतील गठ्ठ्यांत प्रामुख्याने परगावांचा आणि परदेशांचा टपाल इतिहास असतो. या शहराचा इतिहास जुळवायचा तर दोन्ही टोकांचा शोध घ्यावा लागतो.

विमानापूर्वीचा काळ

ईस्ट इंडिया कंपनीची सुरतेतील वखार १६१३ मध्ये स्थिरावली. कंपनीचा पश्चिम भारतातील मुख्य कारभार १६८७ मध्ये मुंबईला जाईपर्यंत येथूनच चाले. लंडनला जाणारी पत्रे सुवाळीच्या बंदरातून जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून जात किंवा इराणी आखात, बसरा आणि अलेप्पो या खुष्कीच्या मार्गाने. जहाज बुडण्याचा किंवा कासीद लुटला जाण्याचा धोका असल्याने एकाच पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या मार्गांनी धाडण्याची पद्धत होती. देशांतर्गत पत्रे पायी धावणारे कासीद आणि पत्तमार नेत.

मराठी वाचकाला या पत्रव्यवहाराचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर केलेल्या स्वारीचे वर्णन वखारीचे पाद्री जॉन लेस्कॅलियट यांनी नॉरिचच्या सर टॉमस ब्राऊन यांना त्याच महिन्यात पत्राने कळवले. सुरतेच्या वखारीची कागदपत्रे लंडनला पोचली म्हणूनच टिकली. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिवाजीविषयक इंग्रजी कागदांच्या संग्रहाला अशा पत्रांचा मोठा आधार मिळाला. मात्र ही पत्रे सरकारी दप्तरांत आहेत. खासगी संग्राहकाच्या वाट्याला सुरतेचे साहित्य येते ते मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासूनचे.

१८३७ च्या कायद्याने कंपनी सरकारची टपालव्यवस्था सर्वसामान्यांसाठी रीतसर खुली झाली. तेव्हा हशील अंतर आणि वजन यांवर ठरे, आणि ते आधी भरले की घेणाऱ्याकडून वसूल करायचे हे शिक्क्याने दाखवले जाई. तिकिटांपूर्वीच्या अशा घडीपत्रांना संग्राहक फार मान देतात. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशभर कोठेही अर्धा आणा असा एकच दर लागू झाला आणि अखिल भारतीय तिकिटे वापरात आली. पुढे मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने १८६४ पर्यंत सुरत मुंबईशी जोडली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी व्हॅली रेल्वेने खानदेशही जोडला. यानंतरच्या पाकिटांवर रेल्वे टपालाचे शिक्के दिसतात.

हवाई टपालाचा उदय

जगातील पहिले अधिकृत हवाई टपाल १८ फेब्रुवारी १९११ रोजी भारतात उडाले. अलाहाबादच्या प्रदर्शनातून फ्रेंच वैमानिक आंरी पेके यांनी सुमारे ६,५०० पत्रे आणि कार्डे यमुनेपलीकडे नैनीला नेली. प्रवास सुमारे १० किलोमीटरचा, वेळ साधारण १३ मिनिटे. या टपालावर विमानाचे चित्र असलेला मोठा गोल किरमिजी शिक्का मारला होता. भारतीय हवाई टपालाच्या बहुतेक मोठ्या संग्रहांची सुरुवात याच पाकिटाने होते.

नियमित सेवेला मात्र वेळ लागला. १९२० मध्ये ब्रिटिश हवाई दलाने मुंबई-कराची टपालाचा प्रयोग केला, पण तो काही आठवड्यांतच थांबला. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली आणि परतीचे पहिले टपाल ७ एप्रिलला कराचीहून निघाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताने २ ते १२ आण्यांची ६ हवाई टपाल तिकिटे काढली. वर्षअखेर सेवा दिल्लीपर्यंत वाढली आणि १९३३ मध्ये कलकत्ता, रंगून व सिंगापूरपर्यंत गेली.

पश्चिम भारताला या मार्गाशी जोडले ते टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून टपाल कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, तेव्हा विमाने पुण्याजवळच्या येरवड्याहून उडत. या पहिल्या फेरीची पाकिटे भारतीय संग्राहकांच्या विशेष जिव्हाळ्याची आहेत.

सुरतेची हवाई पाकिटे

टाटांच्या मार्गावर अहमदाबाद आणि मुंबई असे थांबे होते, सुरतेला थांबा नव्हता. सुरतेचे पत्र आधी रेल्वेने यांपैकी एखाद्या ठिकाणी जाई आणि तेथून विमानात चढे. त्यामुळे पहिल्या उड्डाणाचे खास शिक्के असलेली दिखाऊ पाकिटे येथे कमीच. त्याऐवजी मिळते ते व्यापाऱ्यांचे रोजच्या गरजेपोटी धाडलेले टपाल. निळी हवाई टपाल पट्टी, दरानुसार नेमकी तिकिटे, टंकलिखित किंवा शिरोरेघ नसलेल्या व्यापारी गुजरातीतला पत्ता आणि मागे पोचशिक्का, असे त्याचे रूप असते. संग्राहकांसाठी मुद्दाम तयार केलेल्या पाकिटापेक्षा हे पाकीट अधिक विश्वसनीय पुरावा आहे, कारण दर, मार्ग आणि वेळ यांचा हिशेब करूनच व्यापारी विमानाचा जादा आकार भरत असे.

रंगूनचे टपाल यात सर्वांत बोलके आहे. सुरत आणि रांदेरच्या व्यापाऱ्यांची रंगूनमध्ये मोठी वस्ती होती. तेथील सुरती बारा बाजार आणि सुरती सुन्नी जामा मशीद ही नावे त्याची साक्ष देतात. १ एप्रिल १९३७ रोजी ब्रह्मदेश भारतापासून वेगळा झाला. त्याआधीच्या रंगून-रांदेर पाकिटावर साधी भारतीय तिकिटे असतात. त्यानंतर तीच तिकिटे ‘बर्मा’ असा छाप घेऊन येतात. पाठवणारा, घेणारा, दुकान आणि घर तेच असूनही पत्र परदेशी झालेले असते. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेले आणि ही वाट तुटली. त्या आगेमागे अडकलेली किंवा परत आलेली पत्रे दुर्मीळ आहेत.

आफ्रिकेच्या दिशेने झांझिबार, केनिया, युगांडा आणि नाताळ येथील सुरती कुटुंबांचा पत्रव्यवहार आहे. इंपीरियल एअरवेजची आफ्रिकेतील सेवा १९३१ मध्ये सुरू झाली आणि १९३२ मध्ये केपटाउनपर्यंत पोचली. सुरतेचे पत्र कराचीहून इजिप्तपर्यंत एका मार्गाने जाऊन तेथे आफ्रिकेच्या विमानात बदलू लागले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर भूमध्य समुद्राचा मार्ग बंद पडला आणि दरबान-कैरो-कराची-सिडनी असा घोड्याच्या नालाच्या आकाराचा मार्ग आखण्यात आला. त्या काळात इंग्लंडला जाणारे पत्र दरबानपर्यंत विमानाने आणि पुढे बोटीने जाऊ शके. या पाकिटांच्या कडेला सेन्सॉरची पट्टी आणि तपासनिसाचा क्रमांक असतो. १९५० मध्ये मुंबई-नैरोबी थेट सेवा सुरू झाल्यावर हा व्यवहार पुन्हा सोपा झाला.

स्वातंत्र्यानंतरचे दोन टप्पे महत्त्वाचे आहेत. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई-लंडन सेवा सुरू झाली आणि तिच्यासाठी १२ आण्यांचे खास तिकीट निघाले. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने रात्री नागपूरला एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल होई आणि विमाने परत फिरत. त्याच वर्षी एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. टपालसेवेचे हे मोठे यश होते. अभ्यासकाचे काम मात्र त्यामुळे अवघड झाले, कारण निळी पट्टी आणि जादा तिकीट ही विमानप्रवासाची ओळख देशांतर्गत पाकिटावरून गेली.

दुर्घटनांतून वाचलेले टपाल

विमान कोसळल्यावर हाती लागलेल्या पत्रांची स्वतंत्र नोंद होते. ३१ डिसेंबर १९३५ रोजी इंपीरियल एअरवेजचे ‘सिटी ऑफ खार्टुम’ अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात पडले. त्यातून काढलेल्या पत्रांची तिकिटे अनेकदा पाण्याने सुटलेली असतात. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ माँ ब्लाँ पर्वतावर आदळून ४८ जण मृत्युमुखी पडले. त्यातील काही पत्रे पुढील दशकांत हिमनदीतून बाहेर आली. या वस्तू हाताळताना त्यामागच्या माणसांची आठवण ठेवणे, हा संग्राहकाच्या शिस्तीचाच भाग आहे.

शेजारचा पोर्तुगीज मुलूख

सुरतेच्या दक्षिणेला दमण आणि दादरा-नगर हवेली हे पोर्तुगीज प्रदेश होते. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा-नगर हवेली मुक्त झाली. त्या लढ्यात राजा वाकणकर, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे असे महाराष्ट्रातील अनेक जण होते. मुक्तीनंतर तेथे पोर्तुगीज तिकिटांवर ‘लिबरेटेड एरियाज’ असा छाप मारण्यात आला. भारताने नाकेबंदी केल्यावर पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये स्वतःची विमान कंपनी काढून गोवा, दमण, दीव आणि कराची जोडले. डिसेंबर १९६१ पर्यंतचे हे टपाल गुजरात, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्ही ठिकाणच्या संग्राहकांना हवे असते.

पाकीट वाचण्याची रीत

पहिली पायरी तारखांची. निघाल्याचा शिक्का, वाटेतले शिक्के आणि पोचशिक्का यांची सांगड त्या काळच्या विमानांच्या वेळापत्रकाशी बसली पाहिजे. दुसरी पायरी दराची. तिकिटांची बेरीज त्या तारखेच्या, त्या वजनाच्या आणि त्या देशाच्या दराशी जुळली पाहिजे. कमी पडल्यास पत्र नॉटपेड ठरून दंडाची खूण उमटलेली हवी. तिसरी पायरी मार्गाच्या खुणांची. हवाई पट्टीवर लाल आडव्या रेघा मारल्या असतील, तर तेथून पुढे पत्र विमानाने गेले नाही असा अर्थ होतो.

बनावट पाकिटे याच तपासणीत उघडी पडतात. जुन्या अस्सल पाकिटावर नवा शिक्का मारणे, गळालेल्या तिकिटाच्या जागी दुसरे लावणे आणि शिक्क्याची रेघ तिकिटावरून पाकिटावर हाताने ओढणे हे नेहमीचे प्रकार आहेत. किंमत ठरते ती मार्गाच्या दुर्मीळतेवर, दराच्या अचूकतेवर आणि पाकिटाच्या स्थितीवर. केवळ जुनेपणाला फारसा भाव नसतो.

जतन, कायदा आणि प्रदर्शने

सुरतेचे कागद वारंवार नष्ट झाले आहेत. १८३७ च्या आगीत हजारो घरे जळाली. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्याहून सावकाश होणारे नुकसान वाळवी, कसर, दमट हवा आणि रद्दीचा तराजू यांनी केले आहे. तिकीट कापून घेऊन पाकीट फेकून देण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण त्यात मार्ग, तारीख आणि दर हे तिन्ही पुरावे एकदम जातात.

जुना गठ्ठा सापडल्यास पत्र आणि पाकीट वेगळे करू नये, क्रम मोडू नये, चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन करू नये. आम्लविरहित कागद किंवा पीव्हीसी नसलेले पारदर्शक आवरण वापरावे आणि गठ्ठा जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवावा. पाठवणारा कोण, घेणारा कोण आणि त्यांचे नाते काय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तेव्हाच लिहून घ्यावे. ही माहिती कोणत्याही शिक्क्यावर नसते.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक, शास्त्रीय, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाचे ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावस्तू ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी खरेदीदाराशी व्यवहार करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

प्रदर्शनांत टपाल इतिहास आणि हवाई टपाल असे स्वतंत्र वर्ग असतात. पाकिटांची मांडणी, दरांचे विवेचन आणि मूळ संशोधन यांना गुण मिळतात. पहिल्या हवाई टपालाच्या शताब्दीनिमित्त फेब्रुवारी २०११ मध्ये नवी दिल्लीत ‘इंडिपेक्स’ हे जागतिक प्रदर्शन भरले होते.

सुरतेच्या बाबतीत अजून बरेच काम बाकी आहे. उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबांची आंतर्देशीय पत्रे आणि मनीऑर्डरच्या पावत्या हाही या शहराचा टपाल इतिहासच आहे. विमानाची पट्टी नाही म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. ही पत्रे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या गावांत पोचली, म्हणून त्यांचा शोधही तेथेच घेतला पाहिजे. वखारीची पत्रे लंडनला आणि रांदेरची रंगूनला शोधावी लागतात, त्याच न्यायाने.