ऋतू, सण आणि आपली चूल

यंदाच्या स्मरणिकेसाठी आहाराविषयी काही लिहावे, असे मंडळाच्या चालकांनी सुचविले. मी वैद्य नव्हे. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला. तेव्हा पथ्यापथ्याच्या वादात न शिरता आपल्या घरच्या ताटाचाच थोडा इतिहास सांगतो.

ऋतूप्रमाणे अन्न बदलावे, हा विचार आपल्या देशात फार जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात त्यासाठी स्वतंत्र अध्याय आहे. हेमंतात जठराग्नी प्रबळ असतो, तेव्हा जड व स्निग्ध अन्न पचते. वर्षाकाळी तो मंदावतो, म्हणून जुने धान्य खावे, असे तेथे सांगितले आहे. वाग्भटाने तर सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात दिवस यांस ऋतुसंधी म्हटले आणि त्या काळात जुनी सवय हळूहळू सोडून नवी धरावी, असा नियम घातला. आमच्या आज्यांनी अर्थातच यांपैकी एकही ग्रंथ पाहिला नव्हता. त्यांचे काम सणांनी भागविले.

भोगीचेच पाहा. पौषातली थंडी. बाजरी आणि तीळ नुकतेच घरात आलेले. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, बोरे यांची मिसळीची भाजी. शिवारात जे उभे तेच ताटात, आणि चरकाचे स्निग्ध अन्न आपोआप पोटात! ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे खायचे नाही. भाद्रपदात परसात व बांधावर आपसूक उगवलेल्या भाज्यांवर तो दिवस काढायचा.

येथे इतिहासशिक्षक म्हणून एक खुलासा केलाच पाहिजे. जुने म्हणून आपण जे मिरवितो ते सारेच जुने नाही. मिरची, बटाटा, भुईमूग, मका ही सर्व अमेरिका खंडातली. पोर्तुगीज इकडे आल्यानंतरची. ज्ञानेश्वरांच्या काळी मराठी घरात मिरची नव्हती. मिरी, पिंपळी व आले यांवर तिखटाची भूक भागे. आज ऋषींच्या भाजीत मक्याचे कणीस पडते, त्यावर ऋषी काय म्हणत असतील कोण जाणे! तथापि मका आला तो पावसाळ्याच्या पंगतीत बसला. जिन्नस बदलले, पण क्रम मोडला नाही.

क्रम मोडला तो माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत. १९७२ च्या दुष्काळात आमच्या माणदेशात चुली थंडावल्या. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आईवडील खडी फोडावयास जात. कामावर मिळालेली सुकडी आई पदरात बांधून आणी, आणि रेशनच्या तांबड्या मिलोची भाकरी आम्ही डोळे मिटून गिळत असू. पुढे पाऊस झाला तेव्हा धान्य येण्याआधी तांदुळजा, कुर्डू, पाथरी, घोळ या रानभाज्यांनी आम्हांस जगविले. आईला त्या सगळ्या पानांवरून ओळखता येत.

त्यानंतर समाजातली मुले शिकली, नोकऱ्यांस लागली आणि घरोघर गहू आला. चपाती ही प्रतिष्ठेची खूण झाली. पाहुणे यावयाचे असले की भाकरीचा तवा दिसू देऊ नकोस, असे आईला सांगणारा मीच होतो. ती काही बोलली नाही. परातीत कणीक घेतली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून पाळले आणि शहरातल्या हॉटेलांत बाजरी मानाने वाढली गेली, तेव्हा मला त्या परातीची आठवण झाली.

आता फ्लॉवर व वाटाणा बारा महिने मिळतो, आणि माझ्या नातीला भोगी कोणत्या महिन्यात येते हे सांगता येत नाही. तो दोष तिचा नव्हे. परवा तिने बाजरीचा खिचडा कसा करतात, असे विचारले. बाजरीला पाणी लावून उखळात कांडतात, कोंडा पाखडतात, इतके मी सांगितले. पाणी किती लावायचे व डाळ केव्हा घालायची, हे आईला ठाऊक होते. मी कधी विचारले नाही. समाजातील ज्या वृद्ध भगिनींना हे आठवत असेल त्यांनी मंडळाच्या पत्त्यावर कळवावे. नात लिहून घ्यावयास बसली आहे.