गणित आणि मनाचा लगाम

गणित ही उपजत बुद्धीची देणगी, असे आपण सहज म्हणतो आणि पोराच्या चुकलेल्या हिशेबाचे खापर दैवाच्या माथी फोडतो. लिओनार्ड ऑयलरचे चरित्र येथे विचारात पाडते.

१७०७ साली बाझल येथे जन्मलेल्या या गणितज्ञाचा उजवा डोळा तिशीच्या सुमारास निकामी झाला. १७६६ साली तो सेंट पीटर्सबर्गला परतला आणि लवकरच डावाही मोतीबिंदूने गेला. १७७१ साली शस्त्रक्रिया झाली, पण दृष्टी टिकली नाही. त्याच वर्षी आगीत घर जळाले. आता सारी आकडेमोड मनातच करायची, एकही पद निसटू द्यायचे नाही आणि मग मुलाकडून व सहकाऱ्यांकडून ती लिहवून घ्यायची! चंद्रगतीवरचा त्याचा मोठा ग्रंथ १७७२ साली असाच बाहेर पडला. १७८३ साली तो वारला. त्याच्या लेखनाचा जवळजवळ निम्मा भाग या अंधत्वातला आहे.

स्मरणशक्ती त्याला निसर्गानेच दिली होती, हे खरे. पण स्मरण हे कोठार. त्यातला नेमका दाणा काढायला अवधान लागते आणि अवधान टिकवायला संयम. आपल्या जुन्या शाळांतील पावकी-निमकीत घोकंपट्टी होती, छडीही होती. छडीचे समर्थन मी करणार नाही. परंतु मन भरकटले की पाढा अडे, आणि ते मुलाला स्वतःलाच कळे.

संयमाने प्रत्येकजण ऑयलर होणार नाही. मात्र ‘मला गणित येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपण उदाहरणापाशी किती वेळ बसलो, एवढे तरी स्वतःला विचारावे.