फ्लोटची बाजू

कार्बोरेटरच्या जन्माची गोष्ट निघाली की बुडापेस्टची फुलवाली हटकून येते. ती फुंकणीने फुलांवर पाणी उडवत होती, ते पाहून यानोश चोंका आणि दोनात बांकी यांना पेट्रोल हवेत उडवायची युक्ती सुचली म्हणे. गोष्ट गोड आहे, पण श्रेय भलत्यालाच देते. वेगाच्या हवेत द्रवाचे कण होतात, हे अत्तर फवारणाऱ्या बाटल्यांना आधीच ठाऊक होतं. नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब उतरतो, हेही व्हेंचुरीने १७९७ मध्येच मांडलं होतं. घोडं अडलं होतं ते मापापाशी. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, आणि इंजिन रेंगाळो की धावो, हे प्रमाण फार ढळून चालत नाही.

१८८६ च्या बेंझच्या गाडीत फवारा नव्हताच. भांड्यातल्या लिग्रॉइन या हलक्या इंधनाची वाफ हवेबरोबर इंजिनात जाई. अशा भांड्यातला हलका अंश आधी उडून जातो, जड तळाशी उरतो. भांडं गार पडलं तरी मिश्रण बदलतं. बांकी-चोंका यांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विल्हेल्म मायबाखने. मायबाखची रचना जरा जवळून पाहावी. पेट्रोल फवारणाऱ्या तोटीशेजारच्या, म्हणजे जेटशेजारच्या कप्प्यात एक पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलं की तोही चढतो, सुई भोकात बसते आणि आवक थांबते. म्हणून पेट्रोल जेटच्या तोंडाच्या किंचित खाली थांबून राहतं. हवेच्या ओढीला तेवढंच अंतर उचलायचं असतं. पातळी चढली तर ते नुसतं ओघळतं, उतरली तर इंजिन उपाशी. ‘ओव्हरफ्लो होतंय’ म्हटल्यावर मेकॅनिक आधी सुई पाहतो, ते उगीच नाही.

कुणी म्हणेल, कणच झाले नाहीत तर नुसतं माप घेऊन काय करायचं? आक्षेप रास्त आहे. जळते ती वाफ, आणि थेंब बारीक तितकी ती लवकर होते. पण कार्बोरेटरचा फवारा तसा ढोबळच. बरंचसं पेट्रोल इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या भिंतीवर ओघळे, म्हणून मॅनिफोल्ड तापवावा लागे. त्यावरही इंजिनं शतकभर चालली. माप चुकल्यावर काय होतं, ते १९४० मध्ये ब्रिटिश वैमानिकांनी भोगलं. विमानाने एकदम नाक खाली घातलं की मर्लिन इंजिनाच्या फ्लोटच्या कप्प्यातलं पेट्रोल छताला लागे आणि इंजिन अडखळे. मग फ्लोट उलटा वागून पेट्रोल मोकळं सोडी आणि इंजिन गुदमरे. थेट इंजेक्शनवरची जर्मन विमानं तेवढ्यात निसटत. फार्नबरोच्या विमान-संशोधन केंद्रातल्या इंजिनिअर बीट्रिस शिलिंग यांनी १९४१ मध्ये पेट्रोलच्या नळीत भोकाची छोटी पितळी चकती बसवली. इंजिनाला लागेल त्याहून जास्त पेट्रोल आत शिरेना. उपाय झाला तो मापाचा. फवारा होता तसाच राहिला.

कार्बोरेटर गेला तोही मापापायीच. इंजेक्टरचा फवारा अधिक बारीक असतो, हे मान्य. पण धुरातली विषारी द्रव्यं निवळणारा त्रिमार्गी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्या १४.७ च्या प्रमाणाच्या अगदी जवळपासच नीट काम करतो, आणि एवढी अचूकता फ्लोटच्या आवाक्याबाहेरची. २०२० च्या बीएस-६ नियमांनंतर आपल्याकडच्या नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता सेन्सर धुरातला ऑक्सिजन चाचपतो आणि इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, ते कॉम्प्युटर ठरवतो.